डेटाबेसचे सेवापुस्तक

शिवसागर पाणीवाटप सहकारी संस्थेत फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एक पत्र आले आणि सुदर्शनशिवाय ते कोणी वाचले नाही. यात नवल करण्यासारखे काही नव्हते. संस्थेत आलेली पत्रे आवक रजिस्टरला लागत, त्यांच्यावर शिक्का बसत आणि मग ती फायलीत जाऊन पडत. वाचण्याचा टप्पा मध्ये कुठे येतो हे कोणालाच ठाऊक नव्हते.

पत्र पुण्याच्या एका कंपनीचे होते. 'प्रवाह सात' या आमच्या डेटाबेसचा सपोर्ट येत्या एकतीस मे २०१९ रोजी सायंकाळी सहा वाजता कायमचा संपत आहे, तरी ग्राहकांनी वेळीच नव्या आवृत्तीकडे वळावे, अशी विनंती त्यात केली होती. सुदर्शनने ते दोनदा वाचले, घडी घातली, उघडून पुन्हा एकदा वाचले आणि कपाळावरचा घाम पुसला.

आता एवढे घाबरण्यासारखे काय होते? तर बीड बायपासच्या पलीकडे शहर भराभर वाढले होते. माळरानावर इमारती आल्या, त्यांना नावे आली, नावांच्या आधी 'ग्रीन' आणि नंतर 'पार्क' आले. नळ मात्र आला नाही. त्यात दुष्काळाचे हे दुसरे वर्ष. चौसष्ट वसाहतींतल्या तीन हजार आठशे बारा घरांना टँकरने पाणी पोहोचवायचे काम ही संस्था करत असे, आणि कोणाचा नंबर कधी हे प्रवाह सात ठरवत असे. आतल्या खोलीतल्या एका करड्या खोक्यात तो बारा वर्षांपासून राहत होता. सगळ्या संस्थेत वशिला न चालणारा तेवढा एकच जण होता. अध्यक्ष काकासाहेबांच्या मेव्हण्याचा नंबर मागे एकदा दोन हजार नऊशेवर गेला, तेव्हा मेव्हणे त्या खोक्याला प्रत्यक्ष भेटून बोलायला तयार झाले होते.

"काय लिव्हलंय एवढं?" मल्हाररावांनी विचारले. मल्हारराव संस्थेचे शिपाई. अजिंठ्याकडचे. अर्धे आयुष्य मेंढरांमागे गेलेले, आणि रानात बोलायला कोणी नसल्यामुळे साठून राहिलेले सगळे प्रश्न ते आता कार्यालयात येऊन विचारत असत.

"मामा, ह्या डाटाबेसचा सपोर्ट संपायलाय."

"म्हंजी बंद पडतो का?"

"नाय, चालूच ऱ्हातो."

"मग संपतंय काय?"

प्रश्न इतका नेमका होता की सुदर्शन खुर्ची ओढून बसलाच. "हे बघा मामा. डाटाबेस नवा असतो तवा कंपनी त्याच्यात नवं नवं घालती, अन् बिघडलं तर नीटबी करती. काही वर्षांनी नवं घालणं बंद होतं, नुसतं बिघडलेलं नीट करती. मग एक दिवस तेबी बंद. त्याच्यापुढं तुमचं तुम्ही बघायचं."

मल्हाररावांनी डोळे बारीक केले. "म्हंजी मेंढीवानीच की. आधी कोकरं बी अन् लोकर बी. मग नुसती लोकर. मग लोकर बी नाय, नुसती लेंड्यासाठी लोकाच्या वावरात बसवायची. पर मेंढी दिसती कशी? पह्यल्यावानीच. चार पायावर उभी."

"बरोबर. आता आपली मेंढी वावरात बसायच्या बेताला आलीय."

"त्या टायमाला लई जपावं लागतं," मल्हारराव म्हणाले. "संध्याकाळी मोजली तर असती, सकाळी मोजली तर नसती."

नेमकी हीच भीती सुदर्शनला होती. खोका एखाद्या सकाळी गेला, तर नीट करणारे कोणी नाही. यादी गेली की पाणी ओळखीवर जाणार, आणि टोकाच्या गल्लीतल्या, कोणाचीच ओळख नसलेल्या भागूबाईसारखी माणसे रिकामे ड्रम घेऊन रस्त्यावर उभी राहणार. पण त्याची अडचण याहून मोठी होती. कन्नड तालुक्यातल्या या पोराला संस्थेने बारा वर्षांपूर्वी अकरा महिन्यांच्या करारावर घेतले होते. तो करार आता तेराव्यांदा चालू होता, आणि त्यात दर वेळी एक ओळ टाइप केलेली असे: 'सदर नेमणूक सदर डेटाबेस कार्यरत असेपर्यंतच राहील.' नवा डेटाबेस आला की कंपनी सोबत आपला माणूस देणार होती. म्हणजे नवीन आणा, असे पत्र सुदर्शनने लिहायचे, आणि ते मान्य झाले की स्वतः घरी बसायचे.

"मग लिहिता कशाला ते पत्र?" घरी त्याच्या बायकोने, सृष्टीने, सरळ विचारले.

"यादी गेली तर?"

"तुमची नोकरी गेली तर?"

सुदर्शन स्वयंपाकघरात गेला. तो माठातले पाणी प्यायला, आणि पिताना त्याला वाटले की हेही पाणी त्या यादीतूनच आलेले आहे. सकाळी कार्यालयात गेल्यावर त्याने पत्र लिहिले. अशी माणसे अजून आहेत, म्हणून तर बाकीच्यांचे भागते.

पत्र घेऊन तो आस्थापना विभागाच्या सत्यशीला मॅडमकडे गेला. आस्थापना विभाग म्हणजे त्या एकट्याच, दोन कपाटे, डावे माणसांचे आणि उजवे वस्तूंचे, आणि एक नियमावली. नियमावली त्यांना पाठ होती. घरी भाजीत मीठ जास्त झाले तरी त्या कुठला नियम मोडला ते आठवत असाव्यात.

"नवा नाही घेता येणार," पत्र वाचून त्या म्हणाल्या. "नियम सतरा. चालू स्थितीतली वस्तू निर्लेखित करता येत नाही. आधी ती मोडीत निघायला पाहिजे, मगच तिच्या जागी दुसरी. तुमचा डेटाबेस चालू आहे ना?"

"आहे मॅडम. म्हणून तर आत्ताच बदलायचा. बंद पडल्यावर बदलून काय उपयोग?"

"मग बंद पडू द्या."

"बंद पडला तर यादी जाईल."

"मग पडू देऊ नका."

"मॅडम, मग करू काय? मोडू का त्याला?"

"मुद्दाम मोडलात तर नियम एकोणीस," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "त्यात चौकशी आहे."

सुदर्शन जायला निघाला. दारापर्यंत पोहोचला असेल नसेल, तोच मागून आवाज आला. मॅडम नियमावलीकडे अशा बघत होत्या, जणू बारा वर्षे शेजारी राहिलेल्या बाईचे नाव त्यांना आज कळले होते.

"गंमत बघा सुदर्शन. वस्तू चालू असली तर काढता येत नाही. माणूस मात्र चांगला धडधाकट, चालताबोलता असला तरी काढता येतो. तारीख आली की निवृत्त. नियम बेचाळीस. आणि निवृत्ताच्या जागी नवी नेमणूक करायला कोणाची हरकत नसते. तुमच्या डेटाबेसला तारीख आहे ना?"

"आहे. एकतीस मे."

"मग तो वस्तू नाही," मॅडमनी निकाल दिला. "तो कर्मचारी आहे."

आणि त्यांनी डाव्या कपाटातून एक कोरे सेवापुस्तक काढले. सुदर्शनने ते हातात घेतले. जाड पुठ्ठ्याचे, लाल कापडी पाठीचे. बारा वर्षांत त्याने सेवापुस्तक लांबून पाहिले होते, पण हात कधी लावला नव्हता. कंत्राटी माणसाला सेवापुस्तक नसते. त्याने ते उगाच एकदा उघडून मिटले आणि नाकाजवळ नेऊन वास घेतला. मॅडमनी ते पाहिले आणि पेनचे टोपण काढले.

पुढचे दोन दिवस भरण्यात गेले. मल्हारराव चहा द्यायला म्हणून आले ते तिथेच रमले.

"नाव?"

"प्रवाह सात."

"वडिलांचं नाव?"

सुदर्शन अडखळला. मल्हारराव म्हणाले, "त्याच्या आधी कोण व्हतं?"

"प्रवाह सहा."

"मग लिव्हा की तेच."

जन्मगाव पुणे लिहिले. उंची सव्वादोन फूट. ओळखीची खूण, डाव्या बाजूस ओरखडा. घेतलेल्या रजा या रकान्यात काय लिहावे, असा प्रश्न आला. बारा वर्षांत खोका एक दिवसही बंद नव्हता. 'निरंक' लिहिताना मॅडमचा हात थबकला. असा कर्मचारी त्यांनी पाहिला नव्हता. वैद्यकीय दाखल्याचा कागद संस्थेच्या डॉक्टरांकडे गेला आणि अर्ध्या तासात परत आला. त्यावर 'प्रकृती उत्तम, रक्तदाब सामान्य' असे लिहून खाली सही होती.

"बिगर बघताच?" मल्हाररावांनी कुतूहलाने विचारले.

"तुमचा दाखला दिला तेव्हा तुम्हाला बघितलं होतं का?" मॅडमनी विचारले. मल्हाररावांनी आठवून पाहिले आणि चहाचे कप गोळा केले.

एप्रिलच्या सभेत ठराव क्रमांक नऊ आला. 'आपले ज्येष्ठ कर्मचारी श्री. प्रवाह सात हे नियत वयोमानानुसार निवृत्त होत असून त्यांच्या जागी प्रवाह नऊ यांची चालकासह नेमणूक करण्यात यावी.' सूचक हजर होते, अनुमोदक पेंगत होते. तीन वर्षांत सुदर्शनची इतर चार पत्रे ज्या टेबलावरून परत आली होती, त्याच टेबलावर ठराव चहा निवायच्या आत मंजूर झाला. 'चालकासह' म्हणजे सुदर्शन घरी, पण यादी आता सुरक्षित राहणार होती. त्याने चहा पिऊन टाकला.

इथे सगळे संपले असते, तर ही गोष्ट सांगायचे कारण नव्हते. पण निवृत्ती म्हटली की काकासाहेबांना गप्प बसवत नसे. काकासाहेब म्हणजे जमीनदार घरातले, बायपासलगतच्या शेताचे प्लॉट पाडून मोठे झालेले आणि सत्कार या विषयात कोणाला हार न जाणारे गृहस्थ. त्यांच्या गाडीच्या डिकीत कायम सहा शाली आणि पोतेभर नारळ असत. वाटेत कोणी सत्कार करण्याजोगा भेटला तर अडचण नको.

"निरोप समारंभ व्हायलाच पाह्यजे," ते म्हणाले. "बारा वर्षं एक सुट्टी नाय घेतली म्हणता? अहो, आमच्या भावानं बारा वर्षांत बारा दिवस काम नाय केलं. बोलवा चौसष्ट वसाहतींचे प्रतिनिधी."

"साहेब, ते मशीन आहे," सुदर्शन चाचरत म्हणाला.

"म्हणून काय झालं? मशीन हाय म्हणून आपण माणुसकी सोडायची का?"

सुदर्शन निमंत्रणे टाइप करायला बसला.

एकतीस मेला दुपारी तीन वाजता समारंभ ठरला. बाहेर पारा त्रेचाळीसवर. खोका जागचा हलवता येईना, म्हणून समारंभच आतल्या खोलीत आला. ही खोली दहा बाय दहाची. खिडकीत एक कूलर होता, पण त्यात पाणी नव्हते. पाण्याच्या संस्थेने कूलरला पाणी वापरणे शोभत नाही, असा आदेश खुद्द काकासाहेबांनीच काढला होता. त्या खोलीत तीस-पस्तीस माणसे, दोन फोटोग्राफर आणि एक माइक शिरला. सुदर्शनने मात्र सकाळीच यादीची पूर्ण नक्कल एका वेगळ्या डिस्कवर घेऊन ठेवली होती. त्याचा तो शेवटचा दिवस होता, आणि शेवटच्या दिवशी तरी आपल्या हातून काही राहू नये एवढीच त्याची इच्छा होती.

काकासाहेबांनी आधी खोक्याला कुंकू लावले. मग पुढे नारळ ठेवला. मग डिकीतली सगळ्यात जाड शाल, खास काश्मिरी, स्वतःच्या हाताने उघडून त्यांनी खोक्यावर पांघरली, नीट चारी बाजूंनी लपेटली आणि वरून झेंडूचा हार घातला. टाळ्या झाल्या. खोक्याला हवा घ्यायची जाळी पुढे होती आणि गरम हवा सोडायचा पंखा मागे. आता दोन्हींवर काश्मिरी शाल होती.

सुदर्शन पुढे झाला. "साहेब, शाल जरा वर करतो."

"असू दे, असू दे," काकासाहेब माइकवरून म्हणाले. "मान हाय त्याचा."

आता सत्कारमूर्तीच्या अंगावरची शाल सत्कार चालू असताना काढायची म्हणजे अध्यक्षांचाच अपमान. भर सभेत कोण करणार? सुदर्शन मागे सरला. काकासाहेबांचे भाषण सुरू झाले. त्यात दुष्काळ आला, शहराची वाढ आली, काकासाहेबांचे आजोबा आले. इकडे शालीच्या आतून घरघर ऐकू यायला लागली. खोक्याचा पंखा जीव खाऊन फिरत होता.

"बघा!" काकासाहेब गहिवरले. "त्यालाबी भरून आलंय."

पुन्हा टाळ्या. मल्हारराव भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी हळूच हात लांबवून शालीखाली घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"सुदर्शनसाहेब," ते कुजबुजले, "लई ताप हाय हो. आमच्यात कोकराला असा ताप चढला म्हंजी..."

"म्हंजी काय मामा?"

"म्हंजी मालकाला सांगावा धाडत्यात."

सुदर्शनने लोकांच्या पायांतून वाट काढायला सुरुवात केली. काकासाहेब तेव्हा "आणि म्हणून मी शेवटचे दोन शब्द" इथे पोहोचले होते, आणि ते दोन शब्द गेली दहा मिनिटे चालू होते. सुदर्शनचा हात शालीला लागला, तेवढ्यात घरघर थांबली. एक बारीक टक् असा आवाज झाला. तारा जळल्याचा वास आला. खोक्यावरचा बारा वर्षे जळणारा हिरवा दिवा विझला.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली होती. सत्यशीला मॅडमनी सवयीने ती वेळ टिपून घेतली.

"झालं का त्याचं?" काकासाहेबांनी विचारले. "बरोबर वेळेत निवृत्त झाला बघा. शिस्त म्हंजी शिस्त!" मंडळी पेढे घेऊन पांगली. काकासाहेबांना शहागंजात दुसरा सत्कार होता, ते तिकडे गेले.

खोलीत सुदर्शन, मल्हारराव आणि मॅडम उरले. उद्या सकाळचे टँकर सहाला निघायचे होते. प्रवाह नऊ सोमवारी येणार होता. मधले दोन दिवस यादी नाही, म्हणजे मेव्हण्यांना मोकळे रान. नक्कल सुदर्शनच्या हातात होती, पण नव्या आवृत्तीत ती उघडायची तर कंपनीकडून एक परवाना लागणार होता, आणि तो फक्त सपोर्ट चालू असलेल्या ग्राहकाला मिळणार होता. सपोर्ट सहा वाजता संपत होता. सुदर्शनने फोन लावला.

"आपण रांगेत आहात," फोनमधून आवाज आला. "आपला क्रमांक सदतीस आहे."

बारा वर्षे लोकांना नंबर देणारा सुदर्शन पहिल्यांदा स्वतः नंबरवर उभा राहिला. पाच वाजले तेव्हा क्रमांक एकोणीस होता. साडेपाचला आठ. या अवधीत त्याला कुठलातरी वशिला आठवायचा मोह झाला, हे त्याने पुढे प्रामाणिकपणे कबूल केले. पुण्याला त्याचा एक मावसभाऊ होता. पण फोन ठेवला असता तर नंबर गेला असता. पाच वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी एका मुलीचा आवाज आला.

"नमस्कार, मी सायली बोलतेय. ग्राहक क्रमांक सांगा."

तो खोक्याच्या पाठीवर चिकटवलेला होता. मल्हाररावांनी शाल ओढून काढली, आणि त्यांना अंक वाचता येत नव्हते म्हणून मॅडम गुडघे टेकून खाली बसल्या आणि वाचू लागल्या. पलीकडे सायलीची बोटे कीबोर्डवर वाजली आणि थांबली.

"सर, तुम्ही बारा वर्षांत हा पहिलाच फोन केलाय?"

"व्हय मॅडम. कधी बिघडलाच नाय."

"आणि आज बिघडला? आज, शेवटच्या दिवशी? कशामुळे?"

सुदर्शनने मॅडमकडे बघितले. खोटे बोलायला वेळ नव्हता. "सत्कारामुळं," तो म्हणाला.

 सायलीला कुतूहल आवरेना. "म्हणजे नेमकं काय झालं, सांगाल का?"

"मॅडम, तुमच्या पाया पडतो, आधी परवाना द्या, मग सगळं सांगतो. तेरा मिनिटं ऱ्हायलीत."

पोरगी हुशार होती. तिने परवाना पाठवला, मॅडमच्याच कॉम्प्युटरवर नव्या आवृत्तीची तात्पुरती प्रत उतरवून घेतली, इथे दाबा, तिथे दाबू नका, असे सांगत राहिली. पाच अठ्ठावन्नला पडद्यावर एक नाव आले. मग दुसरे. मग सगळी नावे भराभर खाली उतरू लागली. सगळ्यात शेवटी आकडा आला, तीन हजार आठशे बारा. टोकाच्या गल्लीतल्या भागूबाई उद्या सकाळच्या पहिल्या खेपेत होत्या. मेव्हणे एक हजार चारशे सहावर होते. सुदर्शनने टेबलावर डोके टेकले आणि त्याला अगदी खरेखुरे रडू आले. सायलीने शालीची हकिगत ऐकली ती सहा वाजून गेल्यावर, कंपनीच्या नियमाबाहेर.

"चला," सुदर्शन डोळे पुसत म्हणाला. "यादी राह्यली. मी निघतो मॅडम. करार संपला माझा."

"बसा," सत्यशीला मॅडम म्हणाल्या.

त्यांच्यासमोर दोन कागद होते. "वस्तू आता खरोखर मोडीत निघाली. नियम सतराप्रमाणे तिच्या जागी नवी वस्तू घेता येते. म्हणजे प्रवाह नऊ वस्तू म्हणून येईल, आणि वस्तूसोबत चालक येत नाही. तो ठराव रद्द. हे उजव्या कपाटात गेलं." त्यांनी पहिला कागद बाजूला ठेवला. "आता डावं कपाट. श्री. प्रवाह सात यांची निवृत्ती आज कार्यालय सुटताना लागू होणार होती. पावणेसहाला. ते गेले चार वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे निवृत्त झालेच नाहीत."

"मग?"

"सेवेत असताना मृत्यू. नियम पन्नास. अनुकंपा तत्त्वावर अवलंबित व्यक्तीला कायम नेमणूक."

सुदर्शनला अजून उलगडा झाला नव्हता. मल्हाररावांना मात्र झाला. त्यांनी खोक्याला हात जोडले.

"अवलंबित कोण मॅडम?" सुदर्शनने विचारले.

मॅडमनी त्याचाच करार त्याच्यापुढे सरकवला आणि त्या ओळीवर बोट ठेवले. 'सदर नेमणूक सदर डेटाबेस कार्यरत असेपर्यंतच राहील.' "तुमचा उदरनिर्वाह पूर्णपणे मृतावर अवलंबून होता, हे संस्थेनं तेरा वेळा लेखी दिलंय. इतका पक्का पुरावा मी बायकोचासुद्धा बघितलेला नाही."

"पण मॅडम, हे कोणी बघितलं तर..."

"दोन्ही कागद एकत्र कोण बघणार? कपाटं वेगळी आहेत."

आठ दिवसांनी काकासाहेब कार्यालयात आले, तेव्हा सह्यांच्या गठ्ठ्यात गुलाबी रंगाचा एक अर्ज होता. काकासाहेब सही करताना वाचत नसत, पण गुलाबी अर्ज अनुकंपाचा असतो एवढे त्यांना माहीत होते. समोर सुदर्शन उभा होता. त्याच्या चेहऱ्याकडे बघून काकासाहेबांनी पेन खाली ठेवले. माणूस मनाने वाईट नव्हता.

"अरे अरे. कधी झालं हे?"

सुदर्शनने मॅडमकडे पाहिले. त्या नियमावली चाळत होत्या. "एकतीस तारखेला साहेब," तो म्हणाला.

"आपल्या समारंभाच्या दिवशी? अन् मला कोणी बोललं नाय? आजारी होते का?"

"नाय साहेब. बारा वर्षं मी सोबत होतो, कधी साधा आजार नाय. एकदम ताप चढला अन् गेले."

"उन्हाळाच बेकार," काकासाहेब हळहळले. "अशी माणसं आता होणं नाय. कष्टाळू असतील."

"लई. एक दिवस सुट्टी नाय घेतली."

काकासाहेबांनी चष्मा काढून पुसला. "माझं चुकलं बघ सुदर्शन. गावभर शाली वाटत हिंडतो मी. अशा माणसाचा एखादा सत्कार तरी आपण करायला पाह्यजे होता."

"झाला होता साहेब," सुदर्शन मान खाली घालून म्हणाला. "त्यातच गेले."

काकासाहेबांनी खिडकीबाहेर बघितले. खाली फाटकातून दुपारचा टँकर बाहेर पडत होता.

"नशीबवान माणूस," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.